आमेनपर्यंत

७ सप्टेंबर, रविवार

आज चर्चमधल्या उपासनेनंतर पंच कमिटीने मला रविवारच्या शाळेतल्या मुलांची सुरक्षा बघायला नेमलं. नेमलं म्हणजे काय, पाळकसाहेबांनी विचारलं, कोण करेल, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. उभा जन्म हॉस्पिटलात मेट्रन म्हणून काढलेली बाई निवृत्त झाली तरी लोक तिला निवृत्त होऊ देत नाहीत. मंडळीत कोणी मला नावाने हाक मारत नाही, मेट्रनबाईच म्हणतात.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कोणीच नाही. नदीपलीकडच्या चर्चमध्ये मुलांच्या बाबतीत जे झालं ते पेपरात आलं. कुंपणानेच शेत खाल्लं, म्हणून आता सगळीकडे कुंपणाचे दाखले मागवायचं चाललंय. आमच्याकडेही मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायचा असं ठरलं. मी म्हटलं, दाखला म्हणजे माणूस आजवर सापडला नाही एवढंच, पुढचं काय? पाळकसाहेब म्हणाले, पुढचं तुम्ही बघा.

यातून काही निष्पन्न होईल असं मला वाटत नाही. आमच्या वॉर्डात हात धुवा म्हणून पाट्या लावल्या होत्या. पाट्या टिकल्या, हात तसेच राहिले. पण नाही म्हणवलं नाही, कारण तो वर्ग मीच शिकवते आणि मिरी त्यातच बसते. मिरी म्हणजे माझी नात, आठ वर्षांची, मिऱ्याच्या दाण्याएवढी आणि तशीच झणझणीत. तिच्या केसाला धक्का लागला तर मी कुठल्या तोंडाने जगू, असं मनात आलं आणि हो म्हणून बसले.

१४ सप्टेंबर, रविवार

दाखले यायला लागले. मुलांच्या कामाला हातभार लावणाऱ्या सगळ्यांकडूनच मी मागवले होते, सर्वांत आधी आला भावजींचा. भावजी म्हणजे ह्यांचे जिवलग मित्र, नात्याचे कोणी नाहीत. बाजारात त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. हे गेले तेव्हा शवपेटीला पहिला खांदा त्यांनी दिला आणि नंतर कितीतरी महिने रोज संध्याकाळी येऊन माझ्या स्वयंपाकघरातलं बंद पडलेलं घड्याळ उगीचच चालू करून जायचे. मुलं त्यांना टिकटिककाका म्हणतात, कारण ते खिशातलं घड्याळ मुलांच्या कानाला लावतात.

मी तीन नियम केले. कुठलाही मोठा माणूस मुलांबरोबर एकटा राहणार नाही, वर्गात दोघं हवेतच. वर्गाच्या दाराला काच बसवायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं दिसेल. आणि वर्ग सुरू झाला की आतून कडी, नेमलेल्या माणसांशिवाय कोणालाही आत घ्यायचं नाही, मग तो पाळकसाहेबांचा सख्खा भाऊ का असेना.

दुसरा माणूस कुठून आणायचा हा प्रश्न होता. सगळ्यांना मुलांची काळजी असते, रविवारी वेळ मात्र कोणाकडे नसतो. भावजी म्हणाले, "वहिनी, मी बसेन मागच्या बाकावर. तुम्ही शिकवा, मी नुसता बघतो." सुताराला पण तेच घेऊन येणार आहेत. अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय.

२१ सप्टेंबर, रविवार

काच बसली. सुताराने दाराचा वरचा भाग कापून छान चौकट केली आहे. मी बाहेर उभी राहून बघितलं, मागच्या बाकापर्यंत सगळं लख्ख दिसतं. पाळकीणबाई म्हणाल्या, वर्ग अगदी दुकानासारखा दिसतो. दिसू दे.

आजपासून वर्गाच्या शेवटच्या प्रार्थनेत मुलांच्या सुरक्षेसाठी वेगळं मागणं घेतलं. माझी प्रार्थना लांबते हे मला मान्य आहे. मुलगा चिडवतो की आई प्रार्थनेला बसली की चहा उकळून आटतो, भांडं जळतं, तरी आमेन येत नाही. पण मुलांना वळण लागलंय. हात जोडून, मान खाली, डोळे घट्ट. मी पहिल्या दिवसापासून सांगत आले आहे की छत कोसळलं तरी आमेनपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. वीस मुलं अशी बसतात की माशी बसली तरी हलत नाहीत. एका चहाडखोर मुलीने उठून सांगितलं की मिरीने डोळे उघडले होते. मी विचारलं, "तुझे मिटलेले होते ना? मग तुला कसं दिसलं?" सगळा वर्ग हसला. भावजी तर डोळे पुसेपर्यंत हसले.

मिरी नाही हसली. घरी येताना म्हणाली, "आजी, प्रार्थना छोटी कर ना." मी म्हटलं, देवाशी बोलायला तुला एवढा कंटाळा? मग हात सोडवून पुढे चालायला लागली.

१ ऑक्टोबर, बुधवार

शिंपीणबाईंकडे गेले होते. त्यांचा मुलगा वर्गात यायचा बंद झालाय. समोरचे दोन दात पडलेला, अखंड बडबड करणारा पोरगा, सगळ्यांत पुढे हात वर करायचा. आज दाराआड उभा राहून माझ्याकडे बघत होता, बाहेर आलाच नाही.

शिंपीणबाई शिलाईमशीनवरून न उठता म्हणाल्या, हल्ली तो पुन्हा अंथरूण ओलं करतो, झोपताना दिवा मालवू देत नाही, डोळे मिटायला घाबरतो. मी विचारलं, रात्री पाणी किती पितो? संध्याकाळनंतर पाणी कमी पाजा, जंताचं औषध द्या, आणि रविवारी पाठवा, मुलांमध्ये मिसळला की भीती जाईल. त्यांनी मान डोलवली. मग कापड सरळ करून पुन्हा मशीन चालवायला लागल्या. निघाले तेव्हा दारापर्यंतही आल्या नाहीत. हल्ली लोकांना मदत करायला जावं तर आपणच आगाऊ ठरतो.

५ ऑक्टोबर, रविवार

मागचे दोन रविवार मिरी पहिल्या बाकावर, भिंतीला चिकटून बसते. मला आनंद झाला होता की पोरीला अभ्यासाची गोडी लागली.

आज वर्गानंतर भावजींनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी हळू. "वहिनी, रागावू नका, पण मिरी प्रार्थनेत डोळे मिटत नाही. सगळा वेळ टकामका बघत असते. तुमचीच नात, बाकीची मुलं तेच शिकतील. तिला मागे माझ्याजवळ बसवा, मी लावतो वळण."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस मुलांना शिस्त लावणाऱ्या बाईच्या घरातच ही तऱ्हा, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. भावजींनी चारचौघांत न सांगता मला एकटीला सांगितलं, त्यांचे उपकार. पुढच्या रविवारपासून मिरी मागच्या बाकावर.

८ ऑक्टोबर, बुधवार

मिरीने आज विचारलं, देवाला उघड्या डोळ्यांची प्रार्थना ऐकू येते का. मी म्हटलं, ऐकू येते, पण आवडत नाही.

जेवलीच नाही. सूनबाई म्हणते शाळेत काहीतरी बिनसलं असेल. सूनबाईला सगळं शाळेतच बिनसतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी मिरीच्या पोटात दुखत होतं. मी पोट तपासलं, मऊ होतं, ताप नव्हता. नाटकं मला कळतात, उभ्या जन्मात हजार पोटं बघितली आहेत. मुलगा म्हणाला, राहू दे ना आई, एक रविवार. मी म्हटलं, सुरक्षा बघणाऱ्या बाईचीच नात घरी बसली तर लोक काय म्हणतील, की हिचा स्वतःचाच वर्गावर भरवसा नाही? सूनबाईने तिला तयार केलं. मिरीने फ्रॉकवर स्वेटर घातला, त्यावर आणखी एक घातला. ऊन एवढं कडक. मी म्हटलं, घाल बाई, घामाघूम होशील तेव्हा अक्कल येईल.

मागच्या बाकावर बसवलं. प्रार्थना आज नेहमीपेक्षा जास्त रंगली. एकेका मुलाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागितलं, मिरीचं सर्वांत शेवटी. माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. आमेन म्हणून बघितलं तर मिरी मान खाली घालून बसलेली, अगदी शांत. भावजींनी मला लांबूनच मान हलवून सांगितलं, झालं काम.

संध्याकाळी तिने तिची बाहुली कपाटात ठेवली, तोंड भिंतीकडे करून.

१९ ऑक्टोबर, रविवार

कसं लिहू. तरी लिहिते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं काही झालंच नव्हतं.

प्रार्थना मध्यावर आली होती. मिरी डोळे मिटते की नाही हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तिला पकडायचं, आणि घरी नेऊन चांगलं फैलावर घ्यायचं, एवढंच मनात होतं. आजवर प्रार्थनेत मी कधी डोळे उघडले नव्हते. तोंडाने म्हणत होते, प्रभू, या लेकरांभोवती तुझी भिंत उभी कर, आणि डोळे उघडले.

मिरीचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडेच बघत होती. भावजींचेही उघडे होते, त्यांचं लक्ष दाराच्या काचेकडे होतं. त्यांचा हात कुठे होता ते मी इथे लिहिणार नाही. बाकी सगळी मुलं मान खाली घालून, डोळे घट्ट मिटून बसलेली.

मी ओरडायला हवं होतं. धावत जायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "आमेन."

वाक्य अर्धंच होतं आणि मी आमेन म्हटलं. प्रार्थना थांबवायची तर दुसरं काही म्हणतात हे मला ठाऊकच नव्हतं. वीस मुलं एका आवाजात आमेन म्हणाली, सगळ्यांनी डोळे उघडले, आणि तोवर भावजींचे दोन्ही हात गीतांच्या पुस्तकावर होते. मीच त्यांना सावध केलं. मिरीला उचलून कडेवर घेतलं आणि घरी आले. आठ वर्षांची पोर, कापसासारखी हलकी लागली.

२० ऑक्टोबर, सोमवार

रात्रभर मिरीच्या उशाशी बसले. मुलाला आणि सूनबाईला सांगितलं. सूनबाई भिंतीला टेकून खालीच बसली. मुलगा उठून गेला, परसात नळाखाली डोकं धरून उभा राहिला.

सकाळी मी मिरीला विचारलं, मला का सांगितलं नाहीस बाळा? ती म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं, प्रार्थना छोटी कर." मग म्हणाली, "तू संपवायचीच नाहीस."

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. नुसतं सांगत होती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

मागची पानं वाचली. मिरी डोळे उघडते हे भावजींना कसं दिसलं? त्या चहाडखोर पोरीला मी हाच प्रश्न विचारला होता, त्यावर वर्ग हसला होता. हाच प्रश्न मला दुसऱ्यांदा सुचला नाही. एवढ्या वर्षांत कितीतरी डॉक्टरांच्या चुका पकडल्या मी.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

शिंपीणबाईंकडे गेले. काही बोलायच्या आधीच त्यांनी माझं तोंड बघितलं आणि मशीन थांबवलं. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "पोराने सांगितलं त्याच आठवड्यात तुम्ही आलात. मला वाटलं, देवानेच पाठवलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, पाणी कमी पाजा."

मी हात जोडून म्हटलं, आता कमिटीपुढे चला. दोन मुलांची गोष्ट एकच निघाली तर कोणी नाही म्हणू शकणार नाही. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मंडळीतले निम्मे कपडे त्या शिवतात, नवरा अंथरुणाला खिळलेला, पोराचं नाव एकदा का तोंडातोंडी झालं की जन्मभर तेच. म्हणाल्या, त्याला विसरू द्या. आतल्या खोलीत भरदिवसा दिवा जळत होता.

२६ ऑक्टोबर, रविवार

कमिटी बसली. मी सगळं सांगितलं, जसं बघितलं तसं. भावजीही होते. ते रागावले नाहीत, उलट त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. म्हणाले, वहिनींना मी दोष देत नाही, मित्र गेल्यापासून त्यांचं मन थाऱ्यावर नाही, त्यात नदीपलीकडचं ते वाचून वाचून त्यांनी डोक्यात घेतलंय. खिशातून दाखला काढून टेबलावर ठेवला. मीच मागवलेला दाखला.

मग खजिनदाराने विचारलं, "मेट्रनबाई, प्रार्थना चालू होती ना? मग तुम्ही डोळे का उघडले?"

मी उत्तर दिलं, पण कोणाला ते पटलं नाही. खोलीत एकदम कुजबुज झाली, जणू अपराध सापडला. पाळकसाहेब खाली बघत म्हणाले, आम्ही विश्वासाने डोळे मिटतो. एक जण म्हणाला, आणि प्रार्थना तर तुम्हीच म्हणत होता, म्हणता म्हणता तिकडे एवढं बारकाईने कसं दिसलं? बाहेरून काचेतून कोणी बघत होतं का? नव्हतं. वर्गात दुसरं कोणी मोठं होतं का? नियमाप्रमाणे दोघंच, मी आणि ते. मुलांना विचारायचं का? मुलांचे डोळे मिटलेले होते. माझा प्रत्येक नियम त्यांच्या बाजूने साक्ष देत होता.

शेवटी ठरलं की मला विश्रांतीची गरज आहे. वर्ग पाळकीणबाई घेतील. भावजी म्हणाले, माझं मन आता लागणार नाही, मला मोकळं करा. त्यावर तीन-चार जण एकदम म्हणाले, नाही नाही, तुम्ही गेलात तर लोकांना तेच खरं वाटेल. आग्रह करून ठेवून घेतलं त्यांना.

बाहेर पडताना भावजी माझ्यासाठी दार धरून उभे होते.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पोलीस चौकीत जाऊन आले. तिथल्या बाईंनी नीट ऐकलं, लिहूनही घेतलं. म्हणाल्या, आजी, मुलीचं बोलणं लागेल. मिरी त्या सोमवारनंतर दोन शब्दांपलीकडे बोलत नाही. मुलगा म्हणतो, तिला चारदा तेच विचारणार, चार अनोळखी माणसांपुढे उभी करणार, त्यापेक्षा आम्ही गावच बदलतो. मी म्हटलं, आणि बाकीची मुलं? तो म्हणाला, "आई, तू बाकीच्यांचं खूप केलंस. आता पुरे."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि तोंड दाबणारा हातही आपल्याच घरचा. पण त्याची चूक तरी कशी म्हणू? त्याला त्याची पोर वाचवायची आहे. मलाही तीच वाचवायची होती.

मुलांच्या घरोघरी जाऊन सांगायला सुरुवात केली. पहिल्या घरी चहा मिळाला, दुसऱ्या घरी पाणी, तिसऱ्या घराचं दार उघडलं नाही. आत माणसं बोलत होती ते मला ऐकू येत होतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मुलाला दुसरीकडे काम मिळालं. महिनाअखेर ते तिघं जातील. मुलगा मला चल म्हणाला, सूनबाईने मात्र एकदाही म्हटलं नाही. मीही आग्रहाची वाट बघितली नाही.

मिरीसमोर आता मी जेवणाआधी प्रार्थना म्हणत नाही. म्हणायला लागले की ती खुर्चीची कड घट्ट धरते.

९ नोव्हेंबर, रविवार

आज राहवलं नाही. उपासना सुटल्यावर मागच्या बाजूने वर्गाकडे गेले. कडी आतून लावलेली. काचेतून बघितलं. मी करून घेतलेली काच, मागच्या बाकापर्यंत सगळं लख्ख दिसतं.

पाळकीणबाई पुढे उभ्या राहून शेवटची प्रार्थना म्हणत होत्या. डोळे मिटलेले, आवाज गहिवरलेला, माझ्यासारख्याच एकेका मुलाचं नाव घेत होत्या. मुलं हात जोडून, मान खाली. मागच्या बाकावर भावजी, आणि त्यांच्याजवळ ती चहाडखोर मुलगी, जिने मिरीचं नाव सांगितलं होतं. तिला तिथे का बसवलं असेल ते मला विचारायची गरज नव्हती.

भावजींचे डोळे उघडे होते. त्यांनी मला बघितलं, ओळखीची मान हलवली आणि दोन्ही हात गीतांच्या पुस्तकावर ठेवले. मी जाईन तेव्हा ते हात तिथेच राहणार नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी काच वाजवली. मग दार वाजवलं. मग दोन्ही हातांनी बडवायला लागले, मुलांना नावं घेऊन हाका मारल्या, डोळे उघडा म्हणून ओरडले. पाळकीणबाईंनी आवाज चढवला, सैतान दाराशी आला असता तर चढवला असता तसा. मुलांनी खांदे आक्रसले, डोळे आणखी घट्ट मिटले, आणि तशीच बसून राहिली. मी शिकवलेलं एकही मूल विसरलं नव्हतं.